पाच घरांचा डॉक्टर

लोक सुट्टीत किल्ले पाहतात, लेणी पाहतात. मी मेडिकल कॉलेजं पाहतो. मी डॉक्टर नाही, घरातही कोणी नाही, आणि इंजेक्शनची सुई दिसली की मान आपसूक दुसरीकडे वळते. तरी हा नाद वीसेक वर्षं सुटलेला नाही. लागला तो सेवाग्रामला. गेलो होतो बापूकुटी पाहायला. ती पाहून झाली, बस चुकली, आणि एका ओळखीच्या डॉक्टरांच्या गाडीतून जवळच्याच एका गावात जाऊन पोचलो. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात वळकट्यांची ओळ लागलेली. खादी घातलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं वह्या घेऊन गल्ल्यांमधून पांगलेली. सगळी पहिल्या वर्षाची, नाडी बघायलाही अजून नीट न शिकलेली.

मी एका मुलीच्या मागे गेलो. पंजाबची होती, मराठी जेमतेम. एका आजींचं बोट हिमोग्लोबिनसाठी टोचायचं होतं. आजी म्हणाल्या, "टोचजो मंग. आंधी चहा पे." मुलीला त्यातला 'चहा' तेवढा कळला. तिनं सुई बाजूला ठेवली आणि ओट्यावर मांडी घातली. चहा आला तो कोरा. गोठ्यात तर गाय उभी. मुलीनं खुणेनं विचारलं, दूध? आजींनी सडकेकडे हात केला. डेअरीत. मुलगी आजींच्या मांडीवरच्या नातवाकडे बघत राहिली. पोराचे दंड काडीसारखे. तिच्या वहीतल्या छापील रकान्यात 'घरी दुभतं जनावर' याच्यापुढे 'होय' असं लिहून झालेलं होतं. तिनं त्याच्यापुढे एक बाण काढला आणि बारीक अक्षरात लिहिलं की बाळाच्या वाट्याला दूध येत नाही.

त्या बाणापायी मी आजवर सेवाग्रामच्या सात-आठ वाऱ्या केल्या.

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. नवी मेडिकल कॉलेजं खेड्यात निघावीत ही कल्पना लालबहादूर शास्त्रींची. ती तडीस नेली डॉ. सुशीला नायर यांनी. गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेल्या, १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री राहिलेल्या या बाईंना सेवाग्रामात सगळे 'बडी बहनजी' म्हणत. कस्तुरबा रुग्णालय तिथे चाळीसच्या दशकापासून होतंच. कॉलेज काढताना त्यांनी क्रम उलटा केला. एरवी पोरं आधी शरीररचनेच्या टेबलावरच्या मृतदेहाला भेटतात आणि जिवंत माणसाला पुढे केव्हातरी. इथे पहिले पंधरा दिवस आश्रमात प्रार्थना, श्रमदान, सूतकताई. मग प्रत्येक तुकडीला एक गाव. तिथेच पंधरा दिवस मुक्काम, प्रत्येकाच्या नावावर तीन-चार कुटुंबं, आणि पुढे महिन्याच्या महिन्याला त्याच घरांत फेरी.

याला गाव 'दत्तक घेणं' म्हणतात. शब्द मला खटकतो. दत्तक घेतं ते मोठं माणूस, आणि जातं ते लेकरू. त्या ओट्यावर लेकरू कोण होतं हे चहा कोणी पाजला त्यावरून ठरवावं.

बाकीचा इतिहास एका दमात सांगतो, कारण त्यात माझं मन रमत नाही. १९४६ साली भोर समितीनं प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा दिला आणि प्रत्येक डॉक्टरला समाजात नेऊन शिकवा असं सांगितलं. १९७५ ला श्रीवास्तव समितीनं तेच पुन्हा सांगितलं. १९७७ पासून दर कॉलेजला तीन आरोग्य केंद्रं जोडायची योजना आली. मग इंटर्नशिपमधले ग्रामीण महिने आले, राज्यात एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉन्ड आला आणि तो चुकवला तर दहा लाखांचा दंड होता. माझं बॉन्डबद्दलचं मत फारसं चांगलं नाही. वर्ष कधी संपतं म्हणून दिवस मोजणारा डॉक्टर मी पाहिला आहे. त्याच्या टेबलावर औषधांपेक्षा पीजी प्रवेशाच्या प्रश्नसंचांची चळत उंच होती.

घराघरांत हिंडून डॉक्टर काय शिकतो, याचं सगळ्यात ठसठशीत उत्तर मला एका जुन्या अमेरिकन लेखात मिळालं. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हिशेब मांडला: हजार प्रौढ माणसं घ्या. महिनाभरात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण दवाखान्यात भरती होतात. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो फक्त १. आपण डॉक्टर घडवतो ते त्या एकावर. उरलेल्या ७४९ जणांचं दुखणं त्या डॉक्टरला दिसणार कधी?

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जवारीची. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या गावांत आरोग्य विम्याचा प्रयोग उभा केला. हप्ता पैशात नाही, जवारीत. सुगीच्या वेळी घरात रोकड असो-नसो, कणगीत दाणे असतात. म्हणून गोळा करायचं ते तेव्हाच. ज्याची जमीन जास्त त्याची जवारी जास्त, भूमिहीनाची सगळ्यात कमी, आणि दवाखान्यातली वागणूक दोघांना सारखी. एकट्यादुकट्यानं सामील होता येत नसे. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव आत. अवचित आजाराला उपचार मोफत. मोतीबिंदू किंवा बाळंतपण अशा आधी ठाऊक असणाऱ्या गोष्टींत मात्र बिलाचा थोडा वाटा घरच्यांनी उचलायचा. मोठमोठ्या विमा कंपन्यांना जो पेच सुटत नाही, की आजारी तेवढेच येतात आणि धडधाकट बाहेर राहतात, तो ग्रामसभेत सुटला. मी या योजनेबद्दल इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की घरी 'जवारी' म्हटलं की भाकरीआधी हसू येतं.

सेवाग्रामचे सगळेच विद्यार्थी खेड्यात राहिले असं कोणी सांगितलं तर मानू नका. कितीतरी शहरांत गेले, परदेशांत गेले. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा पेपर होता, तोही 'नीट' आल्यावर गेला. पण एक गोष्ट उरली आणि पसरली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना कुटुंब दत्तक कार्यक्रम लावला. प्रत्येकाला तीन ते पाच कुटुंबं, पहिल्या वर्षापासून. सेवाग्रामची वही आता सगळ्यांच्या दप्तरात आहे.

म्हणून मला भंडाऱ्याच्या नव्या मेडिकल कॉलेजचं फार कुतूहल आहे. जिल्ह्याच्या पोरांना परवापरवापर्यंत डॉक्टर व्हायचं तर नागपूर, वर्धा किंवा २०१६ पासून गोंदिया. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात भंडारा होतं. याच शहराचं नाव त्याआधी देशभर गेलं होतं ते ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली तेव्हा.

शिकायला हा जिल्हा श्रीमंत आहे. वैनगंगा, तळी आणि धानाच्या बांध्या. पाणी जिकडेतिकडे. पहिला धडा डासांतून पसरणाऱ्या हत्तीरोगाचा. हत्तीरोगाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावतात, कारण हातात दिल्या तर फळीवर पडून राहतात. दुसरा सिकलसेल. सांधे दुखतात म्हणून माणूस वर्षानुवर्षं वाताचं तेल चोळतो, गावातल्या इंजेक्शनवाल्याकडे जातो. घराची वंशावळ मांडून बसणाऱ्याला मात्र 'याचा भाऊही असाच, मावशीही अशीच' हे दिसतं आणि रक्ताचा थेंब तपासावासा वाटतो. तिसरा स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूर विभागात त्याची मोठी साथ आली. गवतातला बारीक कीडा चावतो, ताप चढतो, आणि काखेत किंवा जांघेत विडीनं डागल्यासारखी एक काळी खपली असू शकते. ती दिसली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीनं माणूस वाचतो. न दिसली तर जिवावर बेतू शकतं. पेशंट धानातून आला की गवत कापून आला, हे विचारायचं सुचलं तर खपली शोधायचं सुचणार.

भाऊबीज झाली की भंडाऱ्याच्या या झाडीपट्टीत गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, लोकनाट्याची दंडार होते, नाटकं रात्रभर चालतात, पाहुण्यांनी घर भरतं. त्या गर्दीत कधी पांढरा कोट घातलेलं, मराठीत अडखळणारं एखादं पोरगं वही घेऊन तुमच्या दारात उभं राहील. डॉक्टर झालास का, असं त्याला विचारू नका. आत बोलवा, बसायला द्या, बोट पुढे करा. आणि चहा कोरा असेल तर का कोरा, तेही सांगा.