मृत्यूच्या दाखल्यावर न दिसणारे कुपोषण

कुपोषण म्हटले की हाडे दिसणारी, निस्तेज बालके आपल्या डोळ्यांसमोर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार पाच वर्षांखालील बालकांच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असतो. परंतु जे बालक यातून वाचते, त्याच्यावरील परिणाम तेथेच संपत नाही. काही दशकांनंतर तो हृदयविकार वा मधुमेह या रूपाने प्रकट होतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर मूळ कारणाची नोंदही राहत नाही.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी तपासून डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली दाखवून दिले की, जन्मतः व पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. दैनंदिन शिधा हजार उष्मांकांखाली घसरला. त्या वेळी गर्भात असलेल्यांच्या रक्तातील साखरेचे नियंत्रण पन्नाशीत बिघडलेले आढळले.

याचे कारण असे सांगितले जाते की, पोषण अपुरे पडल्यास गर्भ मेंदूला प्राधान्य देतो. स्वादुपिंड, मूत्रपिंड व स्नायू यांच्या वाढीत काटकसर होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा गावांत अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. मात्र आपल्या बालकांत स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. अशा बालकाचे वजन पुढे झपाट्याने वाढल्यास मधुमेहाचा धोका वाढतो.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली कुपोषणजन्य मधुमेहास ‘टाइप ५’ अशी स्वतंत्र ओळख दिली. मधुमेह केवळ स्थूल व्यक्तींचा आजार आहे, हा समज म्हणूनच सोडावयास हवा.

आमची वाचकांस नम्र विनंती आहे की, घरातील किशोरवयीन मुलींचा आहार व हिमोग्लोबिन यांकडे विवाहापूर्वीच लक्ष द्यावे. गर्भवतीची नोंदणी लवकर करावी. बाळाच्या जन्मवजनाची नोंद जपून ठेवावी आणि जन्मतः वजन कमी असलेल्यांनी प्रौढपणी रक्तदाब व रक्तशर्करा नियमित तपासून घ्यावी. आज दिलेल्या सकस आहाराचे फळ पुढच्या पिढीलाही मिळते, असा आमचा विश्वास आहे.