मोटारीचे अर्थिंग : जादा तारांनी खरोखर लाभ होतो काय?

गेल्या पावसाळ्यातील एका रात्री आपल्या संस्थेची रुग्णवाहिका एका अडलेल्या भगिनीस इस्पितळात नेण्यासाठी बोलावली गेली आणि नेमकी तेव्हाच अडून बसली. पुढचे दिवे लख्ख लागत. पण किल्ली फिरविली की नुसता 'टक्‌' असा आवाज येई आणि इंजिन गप्प! अखेर शेजारच्या गृहस्थांनी आपली मोटार काढली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, ही ईश्वरकृपा.

दुसऱ्या दिवशी तपासले तर बॅटरी उत्तम स्थितीत होती. तेव्हा एका विक्रेत्याने जाड तारांचा 'अर्थिंग संच' बसविण्याची सूचना केली. त्यामुळे गाडी चटकन सुरू होईल, इंजिनाची ताकद वाढेल आणि डिझेलही वाचेल, असे त्याचे म्हणणे. हा विषय मंडळापुढे आला आणि मोटारीच्या विजेच्या कामात माझे आयुष्य गेले असल्यामुळे माझे मत विचारण्यात आले. तेथे जे सांगितले तेच या स्मरणिकेत थोडे विस्ताराने मांडतो. कारण आज आपल्या बहुतेक कुटुंबांत एखादे वाहन आहेच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरातील अर्थिंगची तार जमिनीत जाते व माणसाला धक्क्यापासून वाचविते. मोटार रबरी टायरांवर उभी असते. तिच्या अर्थिंगचा जमिनीशी काही संबंध नाही. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून वा यंत्रातून फिरून बॅटरीकडे परत आलीच पाहिजे. परतीसाठी प्रत्येक ठिकाणी दुसरी तार घालण्याऐवजी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. हल्ली बॅटरीचे ऋण टोक सांगाड्यास जोडलेले असते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक ब्रिटिश मोटारींत 1960 च्या दशकापर्यंत धन टोक जोडलेले असे. तत्त्व मात्र एकच.

आता इंजिन हादरू नये म्हणून ते रबरी बैठकींवर बसविलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी, वेणीसारखी विणलेली तांब्याची एक पट्टी असते. स्टार्टरची सगळी वीज या पट्टीवरून परत येते. पावसाचे पाणी, चिखल व गंज यांनी तिचे सांधे बिघडले की अडचणीस आरंभ होतो.

थोडा हिशेब करू. लहान मोटारीचा स्टार्टर सुमारे 150 अँपिअर प्रवाह ओढतो. सांध्यात केवळ एक शतांश ओहम रोध निर्माण झाला, तर तेथेच दीड व्होल्ट वाया जातो. 12 व्होल्टांच्या बॅटरीला हा तोटा जड आहे. उलट 55 वॅटचा दिवा पाच अँपिअरही घेत नाही; त्याच सांध्यातून त्याचा प्रवाह गेला तरी त्याचे नुकसान अर्ध्या दशांश व्होल्टाहून कमी होईल. दिवे चांगले लागतात म्हणून अर्थिंग ठीक आहे, असे समजणे चूक आहे ते यामुळेच.

हाच हिशेब जादा तारांना लावून पाहा. 25 चौरस मिलिमीटर जाडीची, अर्धा मीटर लांबीची तांब्याची चांगली तार 150 अँपिअरला फार तर 0.05 व्होल्ट खाते. तिच्या जोडीला तशीच दुसरी तार बसविली तर हा तोटा निम्मा होईल. म्हणजे 12 व्होल्टांत जेमतेम चाळिसावा भाग व्होल्टाची बचत! एवढ्याने ताकद वाढत नाही वा इंधन वाचत नाही. संच बसविल्यावर गाडी सुधारली असे काही लोक सांगतात, ते खोटे बोलतात असे नव्हे. नव्या तारा बसविताना जुने सांधे सुटतात, घासले जातात, पुन्हा घट्ट होतात. पुष्कळदा गुण येतो तो त्या घासण्याचा.

म्हणून खर्चाआधी मोजणी करावी. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावे आणि जाणकाराकडून स्टार्टर काही क्षण फिरवून घ्यावा. गाडी न्यूट्रलमध्ये असावी व हातब्रेक ओढलेला असावा. काटा 0.2 ते 0.3 व्होल्टांच्या आत राहिला तर अर्थिंग चांगले; अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर दोष आहे. सांधे साफ करताना ऋण टोक आधी सोडावे व शेवटी जोडावे. हातात अंगठी असू नये. धातू पॉलिश कागदाने चकचकीत करून बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

जादा तार कधीच उपयोगी नाही असे नव्हे. मोठा ध्वनिवर्धक, जादा दिवे किंवा रुग्णवाहिकेतील उपकरणे बसविली असतील तर परतीची वाटही त्या मानाने रुंद हवी. मात्र नव्या गाड्यांत ऋण खुंटीवर प्रवाह मोजणारे लहान यंत्र बसविलेले असते. अशा गाडीत जादा तार थेट खुंटीला न जोडता सांगाड्याच्या नेमलेल्या जागी जोडावी. नाहीतर गाडीची मोजणी चुकते.

आपल्या रुग्णवाहिकेत काटा अडीच व्होल्टांवर गेला. इंजिनाची पट्टी गंजून दोन-चार धाग्यांवर लोंबत होती. नेहमीची वाट बंद झाल्याने वीज ॲक्सिलरेटरच्या तारेतून परत जाऊ पाहत होती. ती तार हाताला चांगलीच गरम लागली. आणखी काही दिवसांनी ती जळून रस्त्यातच घात झाला असता. नवी पट्टी बसविली, दोन सांधे घासले आणि पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झाले. संचासाठी काढून ठेवलेली रक्कम जवळजवळ तशीच औषधनिधीत परत गेली.

पट्टी एका दिवसात गंजत नाही. आम्ही ती वर्षानुवर्षे पाहिलीच नव्हती, हा दोष आमचा. आता दरवर्षी मृगापूर्वी ही मोजणी करून नोंदवहीत लिहिण्याचा ठराव मंडळाने केला आहे. सभासद बंधुभगिनींनीही आपापल्या गाडीची तपासणी त्याच सुमारास करून घ्यावी, एवढी विनंती.