विश्लेषण : पोट सुटले की ‘ग्रोथ हार्मोन’ का घटते?

लठ्ठ व्यक्तीच्या तपासणीत ‘ग्रोथ हार्मोन’ कमी आले की घरचे घाबरतात. मेंदूतली ग्रंथी बिघडली, आता इंजेक्शने लागणार, असा समज होतो. खामगाव, चिखली किंवा मेहकरहून अकोला, छत्रपती संभाजीनगरची वाट धरण्याआधी या आकड्याचा अर्थ समजून घेतलेला बरा. बहुतेकदा दोष ग्रंथीचा नसतो, पोटावरच्या चरबीचा असतो.

हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून पाझरते. उंची वाढायची थांबली तरी त्याचे काम संपत नाही. स्नायू टिकवणे आणि साठलेली चरबी फोडणे ही कामे ते आयुष्यभर करते. ते सतत नव्हे, तर झटक्याझटक्याने येते. मोठा झटका रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. त्यामुळे दिवसा कधीही काढलेल्या एका नमुन्यावरून फारसे काही कळत नाही.

फॅटी ॲसिडचा संबंध काय?

चरबी फुटली की मुक्त फॅटी ॲसिड रक्तात उतरतात. ती वाढली की पिट्युटरी हार्मोन सोडणे कमी करते. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, तसेच हे. पण सुटलेल्या पोटातली चरबी रक्तात फॅटी ॲसिड सोडतच राहते. टाकी कायम भरलेली, म्हणून मोटार बंद!

स्पेनमधील संशोधकांनी 1996 मध्ये लठ्ठ व्यक्तींना ‘ॲसिपिमॉक्स’ हे फॅटी ॲसिड उतरवणारे औषध देऊन पाहिले. हार्मोनचा प्रतिसाद सुधारला, मात्र अंशतःच. म्हणजे वाढलेले इन्सुलिनसारखी इतर कारणेही आहेत. कडक उपवासात फॅटी ॲसिड वाढूनही हे हार्मोन वाढते, कारण तेव्हा इन्सुलिन खाली आलेले असते. (साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास यात मोडत नाही.)

‘मी कुठे लठ्ठ आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे उदाहरण बोलके आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. ‘लॅन्सेट’ने 2004 मध्ये ही तुलना छापली. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही ठेवण आपल्याकडे गावोगावी दिसते. म्हणून काट्यापेक्षा टेप महत्त्वाची : कंबर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

वजन उतरले की हार्मोन बऱ्याच अंशी पूर्ववत होते. उलट, गरज नसताना घेतलेल्या इंजेक्शनने साखर वाढू शकते, अंगावर सूज येते, सांधे दुखतात. खरी कमतरता औषध देऊन केलेल्या उत्तेजन चाचणीतच ठरते आणि तिथेही लठ्ठ व्यक्तीसाठी निकष वेगळा लावतात. डोक्याला जबर मार, मेंदूची शस्त्रक्रिया किंवा पिट्युटरीची गाठ असा इतिहास असेल, तर मात्र कमी आकडा चरबीच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही.