अदृश्य प्रकाशांत चामखीळ



साठी उलटल्यावर माझ्या उजव्या कानशिलावर तीन-चार तपकिरी उंचवटे आले. मेणाचे थेंब चिकटून वाळावेत तसे ते दिसत. मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. परंतु अमरावतीस भाचीच्या सोयरिकीच्या बैठकींत पाहुण्यांपैकीं एक बाई माझ्याकडे पाहून शेजारणीच्या कानाशीं लागल्या आणि भाचीचें तोंड उतरलें. शंका कोणती तें सांगावयास नको. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन उभारलें तें याच शहरीं. तो रोग औषधानें पूर्ण बरा होतो हें आतां सर्वांस ठाऊक आहे. तरी चेहऱ्यावर गांठ दिसली कीं आम्हां वऱ्हाडकरांच्या मनांत जुनें भय जागें होतेंच.

अकोल्यास एका त्वचारोगतज्ज्ञांनीं मला अंधाऱ्या खोलींत बसविलें व हातांत मावेल एवढा दिवा कानशिलापाशीं धरला. या दिव्याचें मूळ रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कांचेंत आहे. निकेल ऑक्साइड मिसळलेली ती कांच डोळ्यांस दिसणारा प्रकाश बहुतेक अडविते आणि सुमारें ३६५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील (कोणी जंबुपार म्हणतात) लहरींना वाट देते. १९२५ च्या सुमारास डोक्यावरील केसांस लागणारी बुरशी ओळखण्यासाठीं डॉक्टर तिचा उपयोग करूं लागले. आतां दिव्यास भिंग व कॅमेरा जोडलेला असतो.

कांहीं पदार्थ हा अदृश्य प्रकाश शोषून घेतात आणि दिसणाऱ्या रंगाच्या रूपानें परत देतात. साबणाच्या पुडीनें धुतलेला माझा सदरा त्या अंधारांत निळसर झळाळूं लागला तो याच कारणानें. त्वचेंतील केराटिन निळसर पांढरें चमकतें. रंगद्रव्य व रक्त मात्र प्रकाश गिळून काळें दिसतें. छिद्रांत राहणाऱ्या जंतूंचें द्रव्य नारिंगी-तांबडें भासतें. माझ्या उंचवट्यांत काळसर भूमीवर पांढरे ठिपके चांदण्यांसारखे उमटले. ते केराटिनानें भरलेले सूक्ष्म कोश होत. हीं वयोमानानें येणाऱ्या चामखिळींचीं लक्षणें. त्यांपासून अपाय नाहीं, संसर्गहि नाहीं.

एक फजिती सांगतों. मीं घरचें मलम चोपडून गेलों होतों आणि तेंच प्रथम चमकलें! डॉक्टरांनीं तें पुसून पुन्हां पाहिलें. पावडर, मलम, कापसाचा तंतु यांनींहि फसगत होते.

कुष्ठरोग आहे कीं नाहीं हें मात्र हा दिवा ठरवीत नाहीं. त्यासाठीं त्वचेची संवेदना व जाड झालेल्या नसा तपासतात आणि त्वचेंतील द्रव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. डॉक्टरांनीं माझ्या कानाच्या पाळ्या व कोपराजवळील नसाहि चांचपल्या. उंचवटा झपाट्यानें वाढला, त्याचा रंग बदलला वा त्यांतून रक्त आलें, तर तुकडा काढून तपासावाच लागतो.

भाचीनें तें चित्र फोनमध्यें घेतलें. पुढच्या बैठकीस तिनें मला आग्रहानें बरोबर नेलें, आणि त्याच बाईंनीं चष्मा लावून तें दोनदां पाहिलें. मग आपल्या मानेवरील मस डॉक्टरांना दाखवावा काय, असें मलाच विचारलें.