कर्नल कोसळण्याचे निदान : अवशेषांचे वाचन

कार्यप्रणालीच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. सामान्य प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. चूक कर्नलच्या कक्षेत घडली, तर साठविलेली माहितीच भ्रष्ट होईल या भयाने संपूर्ण यंत्र बुद्धिपुरस्सर थांबविले जाते. थांबताना स्मृतीतील स्थितीची जी प्रत तबकडीवर उतरविली जाते, तिला डंप म्हणतात. निदान करणाऱ्याची पोथी ती हीच. आणि पाठचिकित्सेचा ज्यास परिचय आहे, त्यास तिच्या वाचनाची रीत परकी वाटणार नाही.

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीसाठी एक माहितीची फाइल जगभर धाडली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तिने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे पाडली. मुंबई विमानतळावरही प्रवाशांची नोंद हाताने करण्याची पाळी आली.

विनडीबीजी या डीबगरमध्ये असा डंप उघडला असता यंत्र का थांबविले, कोणत्या सूचनेवर थांबले आणि कोणी कोणास बोलाविल्यामुळे तेथवर पोचले, हे दिसते. शेवटची माहिती स्टॅकवरून मिळते. प्रस्तुत प्रकरणी आर-८ या रजिस्टरमधील पत्त्यावरून वाचन करताना यंत्र थांबले होते. तो पत्ता शून्य असावा, असे प्रथम पुष्कळांनी सांगून टाकले. वस्तुतः वाचनापूर्वीच शून्याची तपासणी करणारी सूचना डंपमध्ये स्पष्ट दिसते. पत्ता शून्य नव्हता, निरर्थक होता. एका ओळीवरून अर्थ लावण्याची ही घाई आमच्या शास्त्रातही अपरिचित नाही!

परंतु पडण्याचे स्थळ म्हणजे पडण्याचे कारण नव्हे. ते कारण कंपनीच्या ६ ऑगस्टच्या अहवालात आले. नियमाच्या व्याख्येत २१ घटक अपेक्षिलेले होते. पुरविणारी संहिता मात्र २० च देत होती. पूर्वीच्या नियमांत एकविसाव्या स्थानी 'काहीही चालेल' अशी खूण असल्याने तिकडे कोणी पाहातच नव्हते. नव्या फाइलने प्रथमच तेथे पाहावयास लावले, आणि वाचन मर्यादेबाहेर गेले. 'देणे' या क्रियापदास दाता, ग्राहक व वस्तू यांची अपेक्षा असते. वस्तू अनुक्त असता श्रोत्याने शेजारच्या वाक्यातील शब्दच वस्तू म्हणून उचलावा, तसा हा प्रकार होय. असा दोष केवळ अवशेषांत सापडत नाही; व्याख्या व संहिता समोरासमोर ठेवूनच तो उमगतो.

लिनक्समध्ये या कामी केडंप आहे. कोसळलेल्या कर्नलवर स्वतःची हकीकत लिहिण्याचा विश्वास टाकता येत नाही; म्हणून राखीव स्मृतीत दुसरा कर्नल चालू करून त्याच्याकडून प्रत घेतली जाते व ती क्रॅश या साधनाने वाचतात. विंडोजमध्ये लहान डंप सामान्यतः विंडोज फोल्डरातील मिनीडंप या जागी मिळतो. आर्वीच्या एखाद्या महाविद्यालयातील संगणकाने निळा पडदा दाखविला, तर कार्यप्रणाली पुसून नव्याने घालण्यापूर्वी ती फाइल अन्यत्र उतरवून घ्यावी. पुसल्यानंतर वाचावयास काहीच उरत नाही.