लक्षद्वीप: पाणी जरा जपून!

डेस्कटॉपवर लक्षद्वीपचा वॉलपेपर लावलाय? निळंशार पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग... आता त्यात एखादी नदी शोधून दाखवा. नाही सापडणार! अख्ख्या लक्षद्वीपमध्ये एकही नदी नाही. मग तिथले लोक पाणी आणतात कुठून?

पायाखालून! पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर चक्क तरंगतं. विहिरीत येतो तो हाच गोड्या पाण्याचा पातळ थर. पण पंप लावून भसाभसा उपसा केला, की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. संडासाचं पाणीही वाळूतून झिरपत थेट याच थरात उतरतं.

म्हणून २००५ मध्ये कवरत्तीला एक भन्नाट प्लांट सुरू झाला. समुद्राच्या वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि सुमारे ३५० मीटर खोलवरून आणलेल्या गार पाण्याने ती थंड करायची. झालं गोडं पाणी! क्षमता रोज १ लाख लिटर. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्लांट आले. पण ते चालवायला वीज लागतेच, आणि बेटांवर ती मुख्यतः डिझेल जाळूनच मिळत आलीय. त्यामुळे छपरावरचं पावसाचं पाणी साठवणं आणि विहीर जपणं काही सुटत नाही.

तिकीट बुक केलंय? मग तिथे शॉवरऐवजी बादली घ्या. तुम्ही चार दिवसांत परत याल. त्या विहिरीवर तिथल्यांना वर्षभर काढायचंय.