दोन नावांचा पट्टा : स्त्रीमुक्ती आणि वंचितांच्या चळवळी यांची जोडणी

दलित साहित्य आणि स्त्रीवादी साहित्य हे दोन स्वतंत्र प्रवाह म्हणून तुम्ही अभ्यासले आहेत. या विभागणीमुळे अभ्यास सोयीचा होतो, पण एक गैरसमजही निर्माण होतो. स्त्रियांची चळवळ एकीकडे, जातीच्या किंवा जमिनीच्या प्रश्नावरील चळवळ दुसरीकडे, आणि प्रसंगी दोघींनी एकमेकींना पाठिंबा द्यायचा, असे चित्र मनात तयार होते. प्रत्यक्षात हा संबंध पाठिंब्यापुरता नसतो. एकाच व्यक्तीच्या डोक्यावर दोन्ही ओझी असतील, तर त्यांपैकी कोणते आधी उतरवायचे हे ठरवणारे आपण कोण, असा हा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील म्हसळा आणि त्याच्या आसपासचा मुलूख पुरेसा आहे.

म्हसळा तालुका १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. कुणबी, कोळी, कोकणी मुसलमान, बौद्ध आणि डोंगरउतारांवरील वाड्यांतून राहणारे कातकरी अशी येथील वस्ती आहे. माणगाव ओलांडले की महाड येते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेला चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्हांला शालेय वयापासून परिचित आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचे ठरवले होते. म्हणजे कागदावर हक्क मिळालेला होता, मात्र तळ्याकाठी तो कोणी बजावू शकत नव्हते.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा : घरात पाणी भरण्याचे काम कोणाचे? अस्पृश्यतेचा प्रश्न संपूर्ण समाजाचा होता, पण पाणवठ्यावर ताटकळण्याचा, ओंजळभर पाण्यासाठी विनवण्या करण्याचा आणि रिकामी घागर घेऊन परतण्याचा रोजचा अनुभव मुख्यतः स्त्रीच्या वाट्याला येत होता. सत्याग्रहाची वर्णने वाचताना ही साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले. चळवळींच्या जोडणीचे उदाहरण म्हणून हा तपशील नेहमी सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. तरीही त्याहून महत्त्वाची जोडणी दहनासाठी निवडलेल्या ग्रंथात आहे. शूद्राने काय करू नये आणि स्त्रीने कोणाच्या अधीन राहावे, हे सांगणारे नियम त्या एकाच ग्रंथात होते. जातीची उतरंड टिकवायची तर विवाह जातीतच झाले पाहिजेत, आणि त्यासाठी स्त्रीवर बंधन हवे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्क येथे वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधातच हे सूत्र मांडले होते. महाडला त्याला कृतीची जोड मिळाली.

त्या परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि जे दागिने जात ओळखू आणतात ते सोडावेत, मुलींना शिकवावे, असा त्या उपदेशाचा आशय होता. आलेल्या स्त्रियांनी लागलीच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. आजच्या वाचकाला यात एक अवघडलेपण जाणवू शकते, कारण समाजाच्या प्रतिष्ठेची खूण म्हणून पुन्हा स्त्रीचे वस्त्रच पुढे येते. ही शंका रास्त आहे. मात्र जातीची निशाणी मुळात तिच्याच अंगावर लादलेली होती, ती झुगारण्याचे कामही तिनेच केले, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या परवानगीची वाट न पाहता, हे विसरून चालणार नाही. आंबेडकरी चळवळीतील अशा स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. महाडनंतर तो सिद्ध व्हायला बासष्ट वर्षे लागली, यावरून या स्त्रियांची नोंद घेण्याची घाई कोणाला नव्हती हे कळते.

१९७५ नंतर महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती चळवळीने नवा जोर धरला. त्या काळात देशभर गाजलेला मथुरा खटला मूळ चंद्रपूर जिल्ह्यातील एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराचा होता. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. हे यश मोठे होते. पण ती मुलगी आदिवासी आणि मजूर होती, म्हणून पोलिसांना तिची भीती वाटली नाही, ही बाब घोषणांमध्ये मागे पडली. ‘स्त्री’ हा शब्द सर्वांसाठी वापरला की अनेकदा त्याचा अर्थ शहरी, उच्चजातीय स्त्री असा होतो. नव्वदच्या दशकात दलित स्त्रियांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या त्या या अनुभवातून. १९९६ मध्ये चंद्रपूर येथील विकास वंचित दलित महिला परिषदेत २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन मानावा, असा विचार पुढे आला. शर्मिला रेगे यांनी याच काळात दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली. या संघटनांनी चळवळीत फूट पाडली असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो टिकणारा नाही. फूट आधीपासूनच होती, त्यांनी ती फक्त बोलून दाखवली.

आता पुन्हा म्हसळ्याच्या डोंगराकडे वळू. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक (इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड). खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून त्यांना हे नाव पडले. जंगलातील उतारावर फांद्या तोडून, राब भाजून नाचणी-वरी पिकवण्याच्या जमिनींना रायगडात दळी म्हणतात. वनखात्याच्या दप्तरी त्या सरकारच्याच राहिल्या, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर त्या नावावर होणे आणखी अवघड झाले. उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी रायगडात हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. देशभरच्या अशा लढ्यांतून २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कुटुंबाला चार हेक्टरांच्या मर्यादेत हक्क मिळू शकतो, हे त्याचे मुख्य सूत्र.

या कायद्याच्या कलम ४(४) मध्ये एक तरतूद आहे. कुटुंब विवाहित जोडप्याचे असेल तर हक्काची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे होईल, आणि कुटुंबप्रमुख एकटी स्त्री असेल तर ती तिच्या नावे होईल. या तरतुदीचे मोल कळण्यासाठी आणखी एक कायदा पाहावा लागतो. हिंदू वारसा अधिनियमाने मुलींना जे हक्क दिले, ते कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, अनुसूचित जमातींना लागूच होत नाहीत. म्हणजे २००५ च्या सुधारणेने शेतकरी घरातील मुलीला जे मिळाले, ते कातकरी मुलीच्या दारात पोहोचले नाही. तिच्यासाठी दोन नावांचा वनपट्टा हा बहुधा जमिनीशी तिचे नाव जोडणारा पहिला सरकारी कागद असतो. जमिनीची मागणी आदिवासी चळवळीची आणि पत्नीच्या नावाची मागणी स्त्री चळवळीची. येथे दोन्ही एका ओळीत आल्या. नवरा दारूपायी किंवा सावकारापायी जमीन गमावू लागला तर पत्नीला निदान बोलण्याचा आधार मिळाला.

तरीही चवदार तळ्याचा धडा येथे पुन्हा समोर येतो. पट्ट्याचा दावा ग्रामसभेपुढे जातो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वनहक्कासाठीच्या ग्रामसभेत निम्मी गणसंख्या हवी आणि उपस्थितांमध्ये किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. पण भात झोडून झाले की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. नेहमीच्या ग्रामसभांपैकी २६ जानेवारी आणि १ मे या दोन सभा नेमक्या त्याच काळात येतात. भट्टीवर पोर सांभाळत विटा थापणाऱ्या बाईची अनुपस्थिती अनास्थेची खूण मानली जाते, तेव्हा तारीख ठरवणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. शिवाय उचल घेतली जाते ती पुरुषाच्या हाती, आणि काम मोजले जाते सगळ्या कुटुंबाचे मिळून. पट्ट्यावर नाव असलेल्या स्त्रीचे भट्टीच्या वहीत नाव नसते.

स्वाध्याय : तुमच्या गावात किंवा जवळच्या आदिवासी वाडीत वनपट्टे मिळाले असतील तर त्यांपैकी किती पट्ट्यांवर पत्नीचे नाव आहे, ते संबंधितांच्या संमतीने पाहा. नाव असल्यास, त्या स्त्रीला ते ठाऊक आहे का आणि कागद घरात कोणाच्या पेटीत ठेवला आहे, हे विचारा. वनपट्टे नसतील तर हाच प्रश्न स्वतःच्या घरच्या सातबाऱ्याला विचारा आणि मिळालेले उत्तर दोनशे शब्दांत लिहा.